कॉकपिटमधली तिसरी खुर्ची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉकपिटमध्ये नको त्या माणसाला बसवल्याची बातमी आली की वाचकांच्या पत्रांतून एकच मागणी होते: दोन वैमानिकांखेरीज तिथे कुणालाच पाऊल ठेवू देऊ नका. यामागचा संताप रास्त आहे. २३ मार्च १९९४ रोजी मॉस्कोहून हाँगकाँगला निघालेल्या एअरबस ए-३१० विमानात कॅप्टनने आपल्या मुलांना वैमानिकाच्या खुर्चीत बसू दिले. मुलाच्या हाताचा जोर पडून ऑटोपायलटचा, म्हणजे विमान आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचा, एक भाग बंद झाला, तो बंद झाल्याचे वेळेत कुणाच्या ध्यानात आले नाही आणि विमानातले सगळे ७५ जण प्राणांना मुकले. तरीही वैमानिकांच्या मागे असलेली घडीची खुर्ची, जिला आमच्या क्षेत्रात जंपसीट म्हणतात, कायमची रिकामी ठेवा ही मागणी आम्हाला मान्य नाही. तिथे बसणे हा ज्यांच्या कामाचाच भाग आहे अशांपैकी एक म्हणजे फ्लाइट डिस्पॅचर. त्याने तिथे कसे बसावे, कधी बोलावे, कधी गप्प राहावे, याची एक रीत आहे. ती नीट पाळली जात नाही म्हणूनच या खुर्चीबद्दल गैरसमज वाढतात, असे आमचे मत आहे. म्हणून हे पत्र.

डिस्पॅचर प्रवाशांना कधी दिसत नाही. जमिनीवरच्या नियंत्रण कक्षात बसून तो उड्डाणाचा मार्ग, उंची, इंधन आणि पर्यायी विमानतळ ठरवतो, आणि विमान उडाल्यावर उतरेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवतो. अमेरिकेच्या नियमांनुसार तिथल्या नियमित विमान कंपन्यांत उड्डाणापूर्वीचे नियोजन, उड्डाण लांबवणे आणि उड्डाणाला परवानगी देणारा कागद काढणे याची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर या दोघांवर मिळून असते. त्या कागदावर दोघांच्याही सह्या लागतात. डिस्पॅचरला परवाना असतो आणि तो वयाची २३ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. असा माणूस वर्षानुवर्षे फक्त पडद्यावरचे ठिपके पाहत राहिला, तर त्याने लिहिलेले आकडे वर कॉकपिटमध्ये कसे वापरले जातात हे त्याला कळणार कसे? म्हणूनच अमेरिकेत नियम आहे की ज्या गटातल्या विमानांचे काम तो करतो, त्या प्रत्येक गटातल्या एखाद्या प्रकारच्या विमानात त्याने मागच्या १२ महिन्यांत किमान ५ तास कॉकपिटमधून उड्डाण पाहिलेले असावे. एका जादा उड्डाण-अवतरणाच्या बदल्यात एक तास कमी होतो, पण एकूण वेळ अडीच तासांच्या खाली जात नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टातही हीच भूमिका आहे: मागच्या १२ महिन्यांत आपल्या हद्दीतल्या मार्गावर किमान एक एकेरी फेरी कॉकपिटमधून करावी, आणि तीत जमेल तितक्या विमानतळांवर उतरणे व्हावे.

म्हणजे खुर्चीमागे नियम आहे. पण नियम आहे म्हणून खुर्ची आपल्या हक्काची होत नाही. आत कोण बसणार याचा शेवटचा शब्द कॅप्टनचा. कागदावर शिक्का आहे, यादीत नाव आहे, कंपनीची मंजुरी आहे, तरीही कॅप्टनला समोर जाऊन विचारायचे असते. 'आज तुमच्याबरोबर येऊ का?' हे एक वाक्य न म्हणता आत शिरून बॅग ठेवणारा माणूस पुढच्या साऱ्या प्रवासासाठी नकोसा होतो. कॅप्टन नाही म्हणाला, तर कारण विचारू नये. वजन, कॉकपिटमध्ये चाललेले प्रशिक्षण, थकलेला क्रू, काहीही असू शकते. सरकारी निरीक्षक आला तर त्याच्यासाठी पुढची निरीक्षक-खुर्ची सोडावीच लागते. वैमानिकांची परीक्षा घेणारा तपासनीस असेल तरी तीच गत. तेव्हा हातातली बॅग उचलून हसतमुखाने मागे फिरण्याची तयारी आधीपासून असावी.

गेटवर घाईगर्दीत पोचू नये. निघण्याच्या वेळेआधी तासभर गेटवर असावे, ओळखपत्र आणि परवाना हातात असावा. अमेरिकेत दुसऱ्या कंपनीच्या कॉकपिटमध्ये बसायचे असेल तर गेटवरचा कर्मचारी संगणकावरून ओळख आणि नोकरी पडताळतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर दुसऱ्या कंपन्यांचे लोक कॉकपिटमध्ये घेणे बंद झाले होते, ते या पडताळणीमुळेच पुन्हा सुरू होऊ शकले. या पडताळणीला वेळ लागतो, कधी जुळणी होत नाही, आणि त्या क्षणी त्या कर्मचाऱ्यासमोर दीडशे प्रवासी उभे असतात. आपले काम सांगून बाजूला उभे राहावे. त्याच्या डोक्यावर उभे राहून काम लवकर होत नाही.

दाराशी पोचल्यावर आत काय चालले आहे ते आधी पाहावे. वैमानिक मार्ग संगणकात भरत असतील, एकमेकांना वाचून दाखवत असतील किंवा तपासणीची यादी (चेकलिस्ट) म्हणत असतील तर उंबऱ्यापाशी थांबावे. त्यांच्यापैकी एकाने मान वळवली की मग बोलावे. मध्येच तोडलेली यादी पुन्हा कुठून सुरू करायची हे चुकले की एखादी पायरी गळते, आणि ती गळलेली पायरी फ्लॅप्सचीही, म्हणजे उडताना जास्त उचल देणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्यांचीही, असू शकते. ओळख तीन वाक्यांत संपवावी: नाव, कुठल्या टेबलावर काम, या प्रकारच्या विमानात पूर्वी बसलो आहे की नाही. शेवटची गोष्ट लाजून लपवू नये. पहिल्यांदाच बसतो आहे असे कळले की फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) पट्टा, ऑक्सिजन आणि बाहेर पडण्याची वाट जरा सावकाश समजावतो. ओळखपत्र न मागता दाखवावे, आणि ते कॅप्टनने नीट वाचले तर वाईट वाटून घेऊ नये. ७ एप्रिल १९९४ रोजी मेम्फिसहून निघालेल्या एका मालवाहू डीसी-१० विमानात जंपसीटवर आलेल्या त्याच कंपनीच्या कर्मचाऱ्याने क्रूवर हातोड्याने हल्ला केला होता. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेत जंपसीटवरच्या, कामावर नसलेल्या वैमानिकाने दोन्ही इंजिनांच्या आग विझवण्याच्या दांड्या ओढल्या; त्या पूर्ण ओढल्या तर इंजिनाचे इंधनच बंद होते. क्रूने त्याला आवरले आणि विमान पोर्टलंडला उतरवले. मागे बसलेल्या अनोळखी माणसाकडे पाठ करून तासन् तास काम करणाऱ्याला हे सारे ठाऊक असते.

केबिन क्रूलाही नाव सांगून यावे. काही बिनसले तर दार कुणासाठी उघडायचे हे त्यांनाच ठरवावे लागते.

आता बसण्याविषयी, कारण इथे नवखे सर्वांत जास्त चुकतात. बोइंग ७३७ मध्ये ही खुर्ची दाराच्या वाटेतच उघडते. ती मांडली की आत-बाहेर करता येत नाही. म्हणून केबिन क्रूचे आणि जमिनीवरच्या लोकांचे आत येणे संपेपर्यंत ती मांडू नये. वैमानिक सांगतील तेव्हाच उघडावी. घडीच्या सांध्यात बोटे सापडतात, तेव्हा हात कुठे आहेत ते पाहावे. बसताना आधारासाठी काय धरता याचा आधी विचार करावा. पुढे झुकून मधल्या चौथऱ्यावर हात टेकणे ही सहज होणारी चूक, आणि तिथेच थ्रॉटल, फ्लॅपचा दांडा आणि मागच्या बाजूला शेपटीवरच्या रडरच्या ट्रिमची, म्हणजे त्याचा कल ठरवणारी, फिरकी असते. ७३७ मध्ये दोन्ही वैमानिकांच्या मागच्या भिंतींवर सर्किट ब्रेकरच्या ओळी आहेत. पाठीवरची सॅक न उतरवता वळलात तर एखादा ब्रेकर तुटतो किंवा सुटतो, आणि विमान गेटवरच अभियंत्याची वाट पाहत थांबते. म्हणून सॅक दाराबाहेर उतरवावी, ती कुठे ठेवायची ते कॅप्टनला विचारावे, आणि खिशातले पेन, फोन, चष्मा बंद खिशात जाऊ द्यावे.

सुटी वस्तू किती महागात पडते याचे उदाहरण ९ फेब्रुवारी २०१४ चे आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या व्हॉयेजर विमानात कॅप्टनचा कॅमेरा हाताची टेकणी आणि साइडस्टिक (विमान चालवण्याची बाजूची दांडी) यांच्यामध्ये अडकला. खुर्ची पुढे सरकवताच त्याने स्टिक पुढे ढकलली आणि विमान ४,४०० फूट खाली आले. चहा-कॉफीचेही तसेच. एअरबस ए-३५० मध्ये मधल्या पॅनेलवर पेय सांडल्यानंतर इंजिन बंद पडण्याच्या घटना घडल्या आणि २०२० मध्ये युरोपच्या नियामकाने त्या भागाभोवती द्रव पदार्थांना बंदी घातली. मागून पुढे कप देताना हात याच पॅनेलवरून जातो. कप मागायचाच असेल तर झाकणाचा, आणि तो वैमानिकांच्या बाहेरच्या बाजूने द्यावा. मधून नाही.

पट्टा बहुधा पाच टोकांचा असतो: कमरेचे दोन, खांद्यांचे दोन आणि मांड्यांमधून वर येणारा एक. हा मधला आधी बकलमध्ये बसवावा, नाहीतर तो खाली राहतो आणि झटका बसल्यावर माणूस पट्ट्याखालून घसरतो. बकल फिरवून सगळे एकदम सुटतात हे बसल्या बसल्या एकदा करून पाहावे. मग ऑक्सिजन मास्क. त्याच्या बाजूच्या चिमट्या दाबल्या की हवा भरून पट्टे फुगतात, डोक्यावरून ओढून चिमट्या सोडल्या की तो चेहऱ्यावर आवळतो. एका हाताने ५ सेकंदांत लावता आला पाहिजे अशा हिशेबाने तो बनवलेला असतो, पण सवय नसलेल्या माणसाला पहिल्या खेपेस दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. चष्मा असेल तर तो आधी काढायचा की वरून लावायचा हे तेव्हाच ठरवावे. मास्क १०० टक्के ऑक्सिजनवर आहे का पाहावे, चाचणीचे बटण दाबून हवा येते का ऐकावे, पण आधी वैमानिकांना सांगून. त्या फुसकाऱ्याने ते दचकतात. बाहेर पडायची वाट विचारून घ्यावी: ७३७ आणि ए-३२० मध्ये बाजूच्या सरकत्या खिडक्या आणि दोर, ७८७ मध्ये डोक्यावरचे दार आणि माणसाला सावकाश खाली सोडणारी फिरकी.

हेडसेट लावल्यावर आधी आपला माइक कुठल्या चॅनेलवर आहे ते बघावे. डिस्पॅचरने रेडिओवर काहीही बोलायचे नसते, फक्त ऐकायचे असते. प्रसारणाची निवड इंटरकॉमवर, ऐकण्याच्या गुंड्यांत पहिला व्हीएचएफ रेडिओ आणि इंटरकॉम मोठा, दुसरा व्हीएचएफ बारीक. दुसऱ्यावर बहुधा आणीबाणीची १२१.५ वारंवारता लावलेली असते. मांडीवरच्या वायरीतले बटण दाबले जाऊन माइक रेडिओवर अडकला तर त्या वारंवारतेवरची सगळी विमाने मुकी होतात आणि जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरला दोष कुठे आहे ते शोधत बसावे लागते. वायर मोकळी लोंबू देऊ नये. मांडीखालून न नेता पट्ट्याच्या आतून घ्यावी.

फोन बंद किंवा एअरप्लेन मोडवर. फोटो परवानगीशिवाय नाही, आणि परवानगी मिळाली तरी वैमानिकांचे चेहरे आणि नावे नाहीत. रात्री तर पडदा उघडूच नये. अंधाराला सरावलेले डोळे एका पांढऱ्या पडद्याने बिघडले की पुन्हा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि तुमच्या पडद्याचा उजेड समोरच्या काचेत उमटतो. नोंदी घ्यायच्या तर छोटी वही, मंद दिवा. वहीत वेळ आणि वैमानिकाचे नाव जोडीने लिहू नये. मागे कुणी आपली चूक टिपतो आहे असे वाटले की दोघेही आखडतात, आणि मग तुम्ही रोजचे उड्डाण पाहत नसता, देखावा पाहत असता.

आता बोलणे आणि गप्प राहणे. ११ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत शार्लट इथे धुक्यात उतरताना एक डीसी-९ विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळले. शेवटच्या मिनिटांत दोघे वैमानिक राजकारण आणि जुन्या गाड्या असल्या गप्पा मारत होते. त्यातून १९८१ मध्ये तिथे नियम आला: जमिनीवर चालताना, उडताना, उतरताना आणि स्थिर उड्डाण सोडून १०,००० फुटांखाली कामाखेरीज एक शब्द नाही. याला स्टराइल कॉकपिट म्हणतात आणि आता जगभर तो कुठल्या ना कुठल्या रूपात पाळला जातो. जंपसीटवरचा माणूस याला अपवाद नाही. टॅक्सी चालू आहे, इंजिने मंद आहेत, समोर रांग लागली आहे, तेव्हा बोलायला मन होते. तेव्हाच चुकीच्या वळणावर जाण्याचा, बंद धावपट्टीवर शिरण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

पण नियमाची १०,००० फुटांची रेघ पुरेशी नाही असे आमचे ठाम मत आहे. उतरण्याची तयारी त्याच्या बरीच आधी सुरू होते. उंचीच्या दर हजार फुटांना साधारण तीन सागरी मैल, हा वैमानिकांचा अंदाजाचा हिशेब. ३५,००० फुटांवर असाल तर खाली यायला सुरुवात विमानतळापासून सुमारे १०५ मैलांवर, आणि वेग कमी करायचे दहा-पंधरा मैल त्यात मिळवा. त्याआधी दहाएक मिनिटे दोघे हवामान वाचतात, अवतरणाचा नकाशा उघडतात, एकमेकांना सांगतात. हा हिशेब डिस्पॅचरला येतो, त्याचे तर ते कामच आहे. म्हणून सव्वादोनशे मैलांच्या आसपास शेवटचा प्रश्न संपवून आपणहून म्हणावे, 'आता मी गप्प बसतो.' हे चार शब्द ऐकून कॅप्टनचे खांदे सैल होतात. उतरल्यावरही चाके थांबून पार्किंग ब्रेक लागेपर्यंत आणि इंजिने बंद करण्याची यादी संपेपर्यंत तेच.

गप्प राहण्याला एकच अपवाद, आणि तो पाळला नाही तर बाकीची सारी शिस्त वाया जाते. धोका दिसला तर बोलायचे, कुठल्याही उंचीवर. दुसरे विमान जवळ दिसले, धावपट्टीवर वाहन दिसले, कंट्रोलरने ३३,००० फूट सांगितले आणि उंची निवडण्याच्या आकड्यात ३५,००० लावलेले दिसले. वाक्य छोटे आणि प्रश्नाचे असावे: 'कंट्रोलर ३३० म्हणाला का?' (३३० म्हणजे ३३,००० फूट) किंवा घड्याळाच्या काट्यासारख्या दिशेसह: 'विमान, दहा वाजता, आपल्याच उंचीवर.' प्रश्न विचारल्याने वैमानिकाचा अपमान होत नाही आणि चूक आपली असेल तर ती तिथेच मिटते. एकदा बोलून उत्तर आले नाही तर दुसऱ्यांदा मोठ्याने, थेट. 'मी तर पाहुणा' म्हणून गिळलेले वाक्य ही जंपसीटवरची सर्वांत वाईट शिस्त. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी डेनपसारहून जकार्ताला निघालेल्या बोइंग ७३७ मॅक्सचे नाक आपोआप खाली जाऊ लागले, तेव्हा कॉकपिटमध्ये तिसरा, कामावर नसलेला वैमानिक होता आणि त्या क्रूने नाक खाली ढकलणाऱ्या ट्रिमचे स्विच बंद करून विमान नीट नेले. दुसऱ्या दिवशी तेच विमान दोघांच्याच हाती होते आणि ते समुद्रात कोसळले. डिस्पॅचर काही वैमानिक नव्हे. पण ज्या डोळ्यांवर त्या क्षणी कामाचा भार नाही, त्यांना कधीकधी आधी दिसते.

आणीबाणी आली तर पट्टा आवळावा, वैमानिकांनी मास्क लावला की आपणही लावावा, आणि पहिली काही मिनिटे बोलू नये. जरा उसंत दिसली की एकदाच विचारावे, 'काही वाचून देऊ का?' यादी मोठ्याने वाचणे, टॉर्च धरणे, वेळ मोजणे, जवळच्या विमानतळाची धावपट्टी किती लांब आणि हवामान कसे ते शोधणे, एवढे डिस्पॅचर उत्तम करू शकतो. स्विचला हात लावायचा नाही. दिव्याच्या स्विचलाही विचारूनच.

मधले स्थिर उड्डाण हा मात्र आपला काळ, आणि तो वाया घालवणारे आम्हाला सर्वांत जास्त खटकतात. काही जण झोपतात. रात्रपाळी संपवून थेट जंपसीटवर बसले की दुसरे काय होणार. झोपलेला डिस्पॅचर काही शिकत नाही आणि मागे घोरणारा माणूस वैमानिकांनाही पेंग आणतो. दुसरे काही जण परीक्षक होऊन येतात. 'इतके जादा इंधन का घेता?' हा प्रश्न अशा स्वरात विचारला की संभाषण तिथेच संपते. हिशेब सगळ्यांना माहीत आहे: मोठ्या जेटमध्ये १,००० किलो जादा इंधन वाहून न्यायला दर तासाला साधारण ३० ते ४० किलो जळते. कॅप्टनलाही तो ठाऊक असतो. विचारायचेच तर असे: 'या विमानतळावर संध्याकाळी तुम्हाला सरासरी किती वेळ घिरट्या घालाव्या लागतात?' मग कळते की आपल्या आराखड्यात अवतरणाची जी वाट धरली आहे ती संध्याकाळी मिळतच नाही, कंट्रोलर रोज वीस मैल लांबून फिरवतो, आणि ते जादा इंधन म्हणजे कॅप्टनचा हट्ट नसून आपल्या आराखड्यातली उणीव आहे. दुसऱ्या दिवशी त्या मार्गाच्या इंधनात ते वीस मैल आपणच धरावेत.

पाहण्यासारखे खूप असते. आराखड्यातली प्रत्येक बिंदूवरची वेळ आणि इंधन प्रत्यक्षाशी ताडून वैमानिक कागदावर लिहितात, तेव्हा फरक कुठून सुरू झाला ते बघावे: उशिरा मिळालेली उंची, अंदाजापेक्षा जास्त समोरचा वारा, की टॅक्सीतच गेलेले दोनशे किलो. पण सर्वांत डोळे उघडतात ते आपण पाठवलेला निरोप तिथे येतो तेव्हा. घंटी वाजते, दोघांपैकी एकाची नजर बाहेरून आत येते, अरुंद कागदाची पट्टी निघू लागते. आपण जमिनीवरून चाळीस ओळी सहज पाठवतो. वर त्यातली कामाची ओळ, समजा पर्यायी विमानतळाची धावपट्टी बंद, अठ्ठाविसावी असते. हे एकदा पाहिले की माणूस कामाची ओळ पहिली लिहू लागतो, आणि उतरण्याच्या दहा मिनिटे आधी 'गेट क्रमांक बदलला' असला निरोप पाठवणे सोडतो. त्याच वेळी हवामान बदलून पर्यायी विमानतळ बदलावा लागत असेल तर मात्र तो निरोप थांबवायचा नाही, तेव्हा कुठली ओळ आधी हे त्याला कळलेले असते.

उलट बाजूही सांगावी. वैमानिकांना आपले टेबल दिसत नाही. मार्ग का वळवला, कॉस्ट इंडेक्स (वेळेचा खर्च आणि इंधनाचा खर्च यांचे प्रमाण) आज का बदलला, अमेरिकेच्या नियमात पोहोचण्याच्या वेळेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत ढगांचा तळ २,००० फुटांखाली किंवा दृश्यता ३ मैलांखाली असण्याचा अंदाज असला की पर्यायी विमानतळ धरावाच लागतो, मग त्यातल्या त्यात जवळचा आणि महागडा न ठरणारा कसा निवडला, हे ऐकायला त्यांना आवडते. कंपनीतल्या भांडणांचा, पगाराचा, बदल्यांचा विषय मात्र काढू नये. आत जे कानी पडले ते आतच राहावे. चूक दिसली आणि मनात राहिली तर ती आधी कॅप्टनशीच, गेटवर, शांतपणे बोलावी. त्यानंतरही धोका वाटत असेल तर सुरक्षा-अहवालाची अधिकृत वाट आहे. नियंत्रण कक्षात येऊन रंगवून सांगणे ही वाट नव्हे. कॉकपिटचा आवाज नोंदवणारे यंत्र तुमचाही आवाज टिपते. पूर्वी ३० मिनिटांचे, मग दोन तासांचे, आणि आता नव्या मोठ्या विमानांत २५ तासांचे.

कपडे साधे आणि नीट, उग्र अत्तर नको, आदल्या आठ तासांत मद्य नको. सर्दी असेल तर बेत रद्द करावा. स्वच्छतागृहाला आधीच जाऊन यावे, कारण वर गेल्यावर दार उघडायचे म्हणजे केबिन क्रूला बोलावून सारी शिस्त पाळावी लागते. उतरल्यावर इंजिने बंद झाली, यादी संपली, की खुर्चीची घडी आधी घालावी, वाट मोकळी करावी, आणि मग आभार मानावेत. तिघांचेही: कॅप्टन, फर्स्ट ऑफिसर आणि बाहेरचा केबिन क्रू.

शेवटी विमान कंपन्यांना एक मागणी. अमेरिकेच्या नियमात या पाच तासांऐवजी सिम्युलेटरमध्ये पाच तास बसण्याचीही सोय आहे आणि ती स्वस्त पडते. सिम्युलेटरमध्ये आग, धूर, इंजिन बंद, सगळे शिकता येते. संध्याकाळचा खोळंबा, कंट्रोलरची घाई, अरुंद पट्टीवरचा अठ्ठाविसाव्या ओळीतला निरोप शिकता येत नाही. म्हणून ती सोय नव्या विमानासाठी किंवा कॉकपिटमध्ये जागाच नसेल तेव्हासाठी ठेवावी. जंपसीटचा दिवस कामाचा दिवस म्हणून तक्त्यात लावावा, रजेच्या दिवशी स्वखुशीने नाही, आणि रात्रपाळीनंतर तर मुळीच नाही. चार-पाच तासांच्या एका लांब उड्डाणाऐवजी दोन-तीन छोटी उड्डाणे द्यावीत. शिकण्यासारखे बहुतेक सारे पहिल्या आणि शेवटच्या वीस मिनिटांत घडते. आणि परतल्यावर डिस्पॅचरकडून तासांचा आकडा नव्हे, तर कुठल्या मार्गाच्या आराखड्यात काय बदलले पाहिजे याचे एक पान लिहून घ्यावे आणि ते पान आराखडे बनवणाऱ्या विभागात त्याच आठवड्यात पोचवावे.

कळावे,
आपले,
विमान परिचालनात काम करणारे काही डिस्पॅचर